अकरा मिनिटांचं रडणं

यामिनीच्या घरात त्या संध्याकाळी तीन खोल्यांत तीन तऱ्हेचं युद्ध चाललं होतं.

सासूबाईंच्या फोनवर आपली फौज नदी ओलांडून पार पुढे गेली होती, आणि निवेदिका त्यांच्याशी थेट त्यांच्याच वळणात बोलत होती, "बघा काकू, कसे पळून राहिले!" बाहेरच्या खोलीत प्रफुलच्या फोनवर नदीचं नावही नव्हतं, तिथे डिझेल, वीज आणि शेअर बाजार होता. स्वयंपाकघरात यामिनीच्या फोनवर युद्धातल्या आया आणि लेकरं होती, कारण ती आई आहे हे त्या फोनला ठाऊक होतं. बातमी आता पेपरासारखी छापून येत नसे. खानावळीच्या डब्यासारखी येई, ज्याची त्याची चव विचारून, कुणाला तिखट, कुणाला बिनतेलाची.

पण त्या गुरुवारी तिन्ही फोनांनी एक गोष्ट शब्दाला शब्द सारखी सांगितली. आमझरी शहराच्या पूर्वेला असलेल्या वज्रदीप दारूगोळा कारखान्यावर दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शत्रूच्या ड्रोनने हल्ला केला. नऊ कामगार स्त्रिया मरण पावल्या. पाच मिनिटं आधी आवारात धोक्याची सूचना दिली होती, तरी त्या शेडबाहेर आल्या नाहीत. कारखाना सोमवारी सकाळच्या पाळीपासून पुन्हा सुरू होईल.

यामिनीचे हात कणकेत तसेच राहिले.

"आई, तो धडाका झाला तेव्हा किती वाजले होते?"

"आता चारला म्हणून राहिले, तर चारलाच असन," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा चहा झाला होता का तेव्हा?"

"नव्हता वाटते. का झाला होता? काय माहीत बाप्पा. खिडकी हादरली एवढं आठवते."

शेजारच्या झाडे काकूंनाही तिने विचारलं. दुपारी त्याच काकू गच्चीवर येऊन "व माय, आत्ता तर जेवणं झाली अन् हे काय" म्हणाल्या होत्या. आता त्या ठामपणे म्हणाल्या, "चार दहा." तीन तासांत अख्ख्या गल्लीच्या डोक्यातलं घड्याळ पुढे सरकलं होतं.

यामिनीनेही घड्याळ पाहिलं नव्हतं. पण तिच्याजवळ दुसरं घड्याळ होतं, चौदा महिन्यांचं. पर्णू दुपारी अडीचच्या सुमाराला झोपेसाठी रडायची, आणि चारला उठून खिचडी खायची. धडाका झाला तेव्हा पर्णू झोपेसाठी रडत होती. खिचडीच्या वेळी तर नेटवर्क गेलेलं होतं, शहर चिडीचूप होतं, आणि चमच्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

युद्धाची बातमीदारी तिने सहा वर्षं केली होती. 'खडा सवाल' या नागपूरच्या बातमीसंस्थेत एके काळी साठ माणसं होती; आता चार उरली होती. बाकीच्यांचं काम यंत्रं करत. ती झोपत नाहीत, रजा मागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे कुठे जात नाहीत. पर्णू झाल्यापासून यामिनीही कुठे जात नव्हती. घरी बसून दुसऱ्यांनी आणलेल्या चित्रफितींची शहानिशा करायची, एवढंच तिचं काम. त्या दिवशी स्फोटाच्या तिच्याकडे दोनशे चौदा चित्रफिती आल्या. एकीत ड्रोन डावीकडून येत होता, दुसरीत उजवीकडून. एकीत तर कारखान्यामागे समुद्र होता, आमझरीत, समुद्रापासून पाचशे किलोमीटरवर! त्यांत एखादी खरी असेलही. पण खोट्याच्या ढिगात खरी सुई सापडली, तरी लोक तिला खोट्यातलीच समजणार.

मग तिला पाळण्याची आठवण झाली.

पाळण्याच्या दांडीला साबणाच्या वडीएवढी एक पेटी अडकवलेली होती. तिचं नाव जागल. चार उन्हाळ्यांपूर्वी उष्म्याने झोपेतच बरीच तान्ही मुलं दगावली, तेव्हापासून जिल्ह्यात प्रत्येक बाळंतिणीला आशाताई ही पेटी आणून देत. पेटी भिंतीतल्या विजेवर चाले, बाळाचा श्वास ऐके, आणि तो अडखळला की किंचाळून घर जागं करी. पुढेमागे डॉक्टरांना ऐकायला लागलं तर, म्हणून महिनाभराचा आवाज ती पोटात साठवून ठेवी. तिची स्मृती शिलालेखासारखी होती. एकदा कोरलेलं पुसता येत नसे, मध्ये काही घुसवता येत नसे. तिला नेटवर्क नव्हतं, कारण आयांनीच तसा हट्ट धरला होता.

यामिनीने पेटीला तार जोडली आणि कानात इयरफोनची बोंडं घालून ऐकलं. पर्णू रडत होती. यामिनीचाच आवाज, "पाच मिनिटं गं पर्णू, एवढं संपवते." पुन्हा रडणं. "पाच मिनिटं, शोना." पुन्हा. मग असा धडाका, की पर्णू क्षणभर गप्पच झाली. नंतर सासूबाई, "अवं, घे न तिले! काय ते काम जळो तुझं!" सगळं मिळून अकरा मिनिटं.

तिला धडाक्याआधी शरम ऐकू आली. पण ऐकत राहिली.

पेटीचं घड्याळ कामाचं नव्हतं. वीज गेली की ते बारावर येऊन बसे. आता ते सकाळचे सव्वानऊ दाखवत होतं.

"घड्याळ कशाला पाहिजे?" शुक्रवारी सकाळी प्रफुल म्हणाला. तो वीजकेंद्रावर अभियंता होता आणि विजेबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळायचा. "रडण्याच्या मागे बारीक गुणगुण आहे बघ. ती विजेची. भिंतीतून येते, फ्रिजमधून येते. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते म्हणतात, पण नेमके पन्नास कधीच नाही. कुठे हजार पंप सुरू झाले की किंचित खाली, कुठे एखादा कारखाना थांबला की किंचित वर. अन् गंमत म्हणजे, सगळ्या देशाची ग्रिड एकच. लेहमधला पंखा आणि आपला पंखा एकाच क्षणी सारखाच चुकतो."

"म्हणजे देशाची नाडी."

"तसंच म्हण. अन् दहा मिनिटांची नाडी जशीच्या तशी पुन्हा कधी येत नाही. अंगठ्याच्या ठशासारखी."

"आणि ज्याची वेळ पक्की आहे असं दुसरं काही त्याच दिवशी ध्वनिमुद्रित झालं असेल तर?"

"त्यातही हीच गुणगुण असणार. दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि सरकवत न्यायच्या. जुळल्या की वेळ कळली."

संसदेचं गुरुवारचं थेट प्रक्षेपण देशात हजारो जणांनी साठवून ठेवलं होतं. भाषणांच्या मागची गुणगुण यामिनीने वेगळी काढली आणि पर्णूच्या रडण्याखालच्या गुणगुणीवर सरकवत नेली. दुपारी दोनच्या पुढे एका जागी दोन्ही रेघा अशा एकमेकींवर बसल्या, की एकच रेघ वाटावी.

धडाका दोन वाजून सदतीस मिनिटांनी झाला होता.

चार दहाच्या आधी, दीड तास. वेळच खोटी, तर ड्रोन कुठला आणि सूचना कुठली? आत पाळीवर बायका होत्या, आणि शेड फुटली.

तिने संपादक खानझोडे सरांना नागपूरला फोन लावला. सर तिशीत असल्यापासून म्हातारे होते. आता साठीत पोचून वयाला शोभायला लागले होते.

"छान," ते म्हणाले. "आता मी वज्रदीपचा प्रवक्ता. तुम्ही ऐकलात तो पश्चिमेच्या दगडखाणीतला सुरुंग होता, बाई. मग?"

यामिनीने मागच्या खिडकीकडे पाहिलं. ती खाण तिच्याच घरामागे होती.

"एका कानाला आवाज कधी आला ते कळतं, कुठून आला ते कळत नाही. मला तीन कान दे, तीन दिशांचे. गुणगुणीवर तिन्ही जुळवले की आवाज कुठे आधी पोचला, कुठे मागून, हे सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत कळेल. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास चालतो. नकाशावर रेघा मारल्या की त्या जिथे छेदतील तिथे स्फोट. मग कुणाच्या बापाला नाही म्हणता येणार नाही."

"रडणं गाळून दिलं तर चालेल?"

"गाळलं म्हणजे हात लागला. हात लागला की ते म्हणणार, बनवलं. पेट्या जशाच्या तशा चव्हाट्यावर ठेवाव्या लागतील, यामिनी. कुणीही यावं, ऐकावं, नक्कल न्यावी. आणि सोमवारच्या आत. फुटलेल्या शेडच्या शेजारी, शेड नंबर चारमध्येही तीच जुनी यंत्रं आहेत, तीच दुहेरी पाळी. त्यात सोमवारी सकाळी चाळीस जणी जाणार."

फोन ठेवला तेव्हा प्रफुल दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पर्णूचा आवाज बाहेर जाणार नाही," तो म्हणाला.

त्याचं काय चुकलं होतं? पर्णूच्या बारशाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा फोन त्यांनी दारातच लोखंडी पेटाऱ्यात ठेवून वर गादी टाकली होती. हल्ली सगळेच ठेवत. नक्कल करणाऱ्या यंत्राला लेकराचा आवाज तेवढा हवा, दोन मिनिटांचा, आणि रडण्याचा असेल तर सोन्याहून पिवळं. मग कधीतरी फोन येतो, पलीकडे आपलं मूल हंबरडा फोडत असतं, आणि एक शांत माणूस सांगतो, पैसे कुठे पाठवायचे ते. लोक त्याला रडका फोन म्हणत. प्रफुलच्या चुलतबहिणीला असा फोन आला होता. मूल तिच्या शेजारच्या खोलीत झोपलं होतं, तरी ती अनवाणी रस्त्यावर धावत सुटली. अजून तिला गोळ्या चालू आहेत.

"नऊ बायका मेल्या, प्रफुल. आणि वर त्यांनाच दोष, की बाहेर आल्या नाहीत म्हणून."

"मला कळतं. पण त्यासाठी माझी पोरगी तू बाजारात मांडणार?"

"माझीही आहे ती."

"हो? अकरा मिनिटं ऐकली मी." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण शब्द पोचायचे तिथे पोचले होते.

यामिनी उठून दुसऱ्या खोलीत गेली. प्रफुलवर संतापली खरी. पण त्याहून भयंकर म्हणजे, तिला आतून हायसंही वाटलं. नवरा नाही म्हणतोय, म्हणजे आपल्याला ठरवावं लागणार नाही. जागल शहरभर आहेत. दुसऱ्या तीन घरांत मिळतील.

शनिवारी ती आशासेविका मंदाताई उईके यांच्याबरोबर निघाली. कुठल्या घरात पेटी आहे आणि कुठल्या घरात सुनेचा शब्द चालतो, या दोन्ही गोष्टी शहरात मंदाताईंइतक्या कुणालाच ठाऊक नव्हत्या.

दक्षिणेला मशिदीमागे राहणाऱ्या फरजानाने सगळं ऐकून घेतलं, मांडीवरच्या मुलाच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "विचारून सांगते." कुणाला विचारणार ते तिने सांगितलं नाही.

पूर्वेला, कारखान्याच्या कुंपणभिंतीपासून हाकेच्या अंतरावर, करुणा मेश्रामचं घर होतं. तिची नणंद त्या नऊ जणींत होती. दारात अजून चपलांचा ढीग होता. करुणा ओसरीवर तांदूळ निवडत होती. पाच महिन्यांचं मूल बाजूला झोळीत. यामिनीने हात जोडले, कळवळून बोलली, गुणगुण समजावली, नाडीची उपमा दिली. करुणाने मान वर केली नाही.

"अन् तुमची पेटी?" तिने विचारलं.

"अं?"

"मंदाताई म्हने तुमच्या घरी बी पोट्टी हाय. चौदा महिन्यांची. तिच्या पेटीत आवाज नाही आला का?"

"आलाय. पण माझे मिस्टर..."

"हं." करुणाने एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "म्हंजे तुमच्या लेकराचा आवाज लेकराचा, अन् आमच्या लेकराचा आवाज पुरावा."

मंदाताईंनी खोकून विषय बदलायचा प्रयत्न केला. यामिनीने त्यांना हाताने थांबवलं. तिचे कान तापले होते. सीमेवरच्या गावांत जाऊन तिने कितीतरी रडणाऱ्या आयांसमोर माईक धरला होता. त्या बोलत गेल्या आणि ती पुरस्कार घेत गेली. त्यांतल्या एकीनेही हे विचारलं नव्हतं.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी आधी माझी पेटी आणते. मग विचारते."

"आना," करुणा म्हणाली. आता तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. "माह्या नंदेनं बुधवारी सांगतलं होतं, वैनी, मशीन तापून रायली, बंद करत नाहीत. कोनाले सांगू आमी? टीव्हीवाल्या बाईले? थे तर मशीनच हाय."

यामिनी घरी पोचली तेव्हा प्रफुल पर्णूला कडेवर घेऊन दाराशीच उभा होता. चेहरा पांढराफटक.

"तू मला आत्ता फोन केलास?"

"नाही. का?"

"तुझा फोन आला. तुझाच आवाज, तुझंच ते दम लागल्यासारखं बोलणं. म्हणालीस, 'प्रफुल, मी बातमी सोडली, तुझंच बरोबर होतं. एक माणूस येईल, त्याच्याकडे पाळण्याची पेटी देऊन टाक.'" त्याने पर्णूला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी देणारच होतो. पेटी काढलीही होती. मग उगाच विचारलं, आपला घरचा शब्द काय? तू हसलीस. अगदी तुझ्यासारखी. म्हणालीस, आता हे काय खूळ! आणि फोन बंद."

घरोघरी असा एक शब्द ठरवलेला असे, खरं माणूस ओळखायला. यामिनीचा आवाज गोळा करणं कुणालाही सोपं होतं. सहा वर्षं ती पडद्यावर बोलत होती, आणि पेट्यांची गोष्ट सकाळपासून घरोघरी सांगत फिरली होती.

दोघं पायरीवर बसली. पर्णूने बापाच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं.

"आपण पोरीला पेटाऱ्यात ठेवल्यासारखी ठेवली," प्रफुल म्हणाला. "आणि ते तुझ्या तोंडून माझ्या घरात शिरले. मी हो म्हणालो होतो, यामिनी. का तर, तू माझं ऐकलंस याचा मला आनंद झाला म्हणून."

ती त्याच्या कुशीत शिरून बसली.

"रडका फोन आला तर?" तिनेच विचारलं.  

"मी दिवसभर तोच विचार केला." प्रफुल अभियंत्यासारखा बोटांवर मोजू लागला आणि मध्येच सोडून दिलं. "हे बघ. आवाज लपवलेला आहे, म्हणून त्या फोनला जोर आहे. तो आपल्या लेकराशिवाय कुणाचा असूच शकत नाही, असं आपल्याला वाटतं. अख्ख्या गावाने पर्णूचं रडणं ऐकलं, ज्याला पाहिजे त्याने नक्कल नेली, तर मग असा फोन आल्यावर मी काय म्हणेन? म्हणेन, हो का, सगळ्यांकडेच आहे तो. मी फोन ठेवून तिला उचलून घेईन. डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, एवढंच उरेल."

"छाती धडधडणारच."

"धडधडू दे ना."

रविवारी सकाळी दहाला, अंगणवाडीसमोरच्या मोकळ्या पटांगणात मंदाताईंनी सतरंजी घातली. यामिनीने सगळ्यांसमोर आपली पेटी मध्ये ठेवली. तिचा क्रमांक मोठ्याने वाचला, मग म्हणाली, "ही माझ्या मुलीची. यात ती रडते आहे आणि मी तिला घेत नाहीये. तेही ऐका."

करुणा आली, झोळीतल्या पोरासकट. पेटी ठेवली आणि शेजारी बसली. साडेदहा झाले, फरजानाचा पत्ता नव्हता. पावणेअकराला ती आली ती सासूला घेऊनच. सासूने बुरखा सावरत पेटी सतरंजीवर आपटली. "ये लो. मेरे पोते का रोना है. ऐसा रोता है कि पेटी में बंद नहीं होता!" लोक हसले. त्या दिवसांत आमझरीत पहिल्यांदाच कुणी हसलं असेल.

प्रफुलने तिन्ही पेट्या गुणगुणीवर जुळवल्या आणि आवाज मोठा केला. पटांगणात तीन लेकरं एकदम रडू लागली. प्रत्यक्षातली दोन-चार त्यांना साथ द्यायला लागली. मग करुणाच्या पेटीतून धडाका. मोजा, प्रफुल म्हणाला. अडीच सेकंदांवर फरजानाच्या पेटीतून. मग लांब शांतता, एवढी, की आता येत नाही असं वाटावं. आणि करुणाच्या धडाक्यापासून पावणेसात सेकंदांनी यामिनीच्या पेटीतून.

"खाण कुठे आहे?" यामिनीने विचारलं.

"तुमच्या घरामागं!" चार-पाच जण ओरडले.

"तिथे सुरुंग झाला असता तर सगळ्यांत आधी कुणाकडे ऐकू आला असता?"

सगळ्यांच्या नजरा यामिनीच्या पेटीकडे वळल्या; तिच्यात धडाका सगळ्यांत शेवटी आला होता. प्रफुलने पडद्यावर शहराचा नकाशा लावला. दोन वाकड्या रेघा पुढे सरकल्या आणि कारखान्याच्या भिंतीच्या आत छेदल्या. शेड नंबर तीन. चूक फार तर तीस-पस्तीस मीटरची.

कुणी घोषणा दिली नाही. करुणाने पदर तोंडाला लावला, आणि बाकीच्या बायका तिच्याभोवती सरकून बसल्या. ज्याच्या त्याच्या फोनवर पेट्यांची नक्कल उतरत होती.

तेवढ्यात ठाण्यातले एक अधिकारी आले. सभ्य होते. युद्धकाळात विनापरवाना बातमी देणं गुन्हा आहे, पेट्या जप्त कराव्या लागतील, म्हणाले.

"न्या ना साहेब," यामिनी म्हणाली.  कडेवरच्या पर्णूला तिने वर सरकवलं. "पंचनाम्यात क्रमांक लिहा आणि मला पावती द्या. नकला एव्हाना दोनशे घरांत गेल्यात. मूळ पेट्या तुमच्याकडे सुरक्षित राहतील, फुटल्या किंवा हरवल्या तर तुमच्या सहीची पावती छापू. आणि मला न्यायचं असेल तर हिचा डबा आणि लंगोट घेऊ द्या, मी तयार आहे."

अधिकाऱ्यांनी पेट्यांकडे पाहिलं. पावतीच्या पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वरून लेखी आदेश आल्यावर बघतो," आणि गेले.

दुपारी 'खडा सवाल'ने सगळं जसंच्या तसं छापलं, खाली उरलेल्या चारही माणसांची नावं घालून. संध्याकाळपर्यंत त्याच ध्वनिफितीच्या चाळीस तऱ्हा फिरू लागल्या. एकीत तीच लेकरं रडत होती, पण धडाक्याच्या जागी टाळ्या होत्या. एकीत पर्णू हसत होती. यामिनीने ते हसू ऐकलं. पर्णू हसायच्या आधी श्वास आत ओढते. हे हसू श्वासाशिवायचं होतं.  तिने फोन पालथा ठेवला आणि खऱ्या पर्णूच्या पोटावर फुर्र केलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला ती पर्णूला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी गेली. प्रफुल म्हणाला होता, "मी येतो." ती म्हणाली, "ये."

चाळीस जणी जमल्या होत्या. कुणी रविवारी पटांगणात होती, कुणी फक्त फोनवर पाहिलं होतं, ज्याच्या त्याच्या डब्यातलं. फाटकाच्या कमानीवर भलामोठा पडदा होता. सातला दहा कमी असताना तो उजळला, आणि त्यावर यामिनी आली. तीच निळी साडी, जी ती बातम्या देताना नेसायची. तोच दम लागल्यासारखा आवाज.

"मी यामिनी लांजेवार. माझ्याकडून गंभीर चूक झाली. मी सादर केलेले आवाज बनावट होते. माझ्या भगिनींनी निर्धास्तपणे कामावर जावं. मी आमझरीची माफी मागते."

चाळीस चेहरे पडद्याकडे वळले, आणि मग खाली, तिच्याकडे. खालची यामिनी सलवार-कमीजमध्ये होती, केस न विंचरलेले, खांद्यावर लाळेचा डाग. कुठलाही परका माणूस आला असता तर त्याने वरचीवरच विश्वास ठेवला असता.

तिला बोलायचं होतं, पण काय बोलणार? जे बोलेल ते वरची तिच्याहून स्वच्छ बोलणार होती.

एक थोराड बाई पुढे आली. तिने कमरेवर हात ठेवून वर पाहिलं, खाली पाहिलं.

"बाई, तुमी तर येथी हाय. मंग थे कोन बोलून रायली व?"

"ते म्हणतात, मीच."

"अस्सं?" बाईने पडद्याकडे हनुवटी उडवली. "तिले म्हना, पोट्टी भुकेली हाय. पाजून दाखव."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. पर्णू खरोखरच कुरकुरत होती. पहाटेपासून उपाशी होती बिचारी. यामिनी फाटकासमोर, भर रस्त्यात, खाली बसली. ओढणी पुढे घेतली आणि पर्णूला जवळ केलं. पर्णूने दोन्ही मुठी आवळल्या, डोळे मिटले आणि चुटुचुटु पिऊ लागली.

वरची यामिनी पुन्हा पहिल्यापासून माफी मागू लागली होती.

करुणा येऊन तिच्या डाव्या बाजूला बसली. थोराड बाई उजवीकडे. मग एकेक करत बायका डबे मांडीवर घेऊन बसत गेल्या, फाटकाला पाठ करून. सात वाजता पाळीचा भोंगा झाला. पर्णू दचकली, आईकडे एकदा बघितलं आणि पुन्हा प्यायला लागली.

कुणीही उठलं नाही.